बॉक्सवुडचे जुने कुंपण अळीने खाल्ले आहे. राखावे की काढावे?

सायली_रेडिंग

नमस्कार. इंग्लंडमधील रेडिंग येथे आम्ही नुकतेच एक जुने घर घेतले. त्याच्या मागच्या बागेत वाफ्यांच्या कडेने बॉक्सवुड या बारीक पानांच्या सदाहरित झुडपाचे गुडघाभर उंचीचे कुंपण आहे आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना त्याच जातीची दोन मोठी, गोल छाटलेली झुडपे आहेत. आधीच्या मालकीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे ही लागवड त्यांच्या सासूबाईंच्या हातची आहे, म्हणजे तिचे वय सहज चाळीस-पन्नास वर्षे असावे. मार्च संपेपर्यंत सगळे हिरवेगार होते. एप्रिलच्या मध्यापासून मात्र फाटकाजवळच्या एका झुडपाची पाने आतल्या बाजूने फिकी पडू लागली आणि आता त्याचा जवळजवळ अर्धा भाग तपकिरी झाला आहे. फांद्या बाजूला सारून पाहिले, तेव्हा आत पांढऱ्या धाग्यांची जाळी, तिच्यात अडकलेले हिरवट-काळे बारीक कण आणि कुरतडलेल्या पानांच्या नुसत्या कडा व शिरा आढळल्या. काही पानांचा वरचा पापुद्रा शाबूत आहे, पण खालचा हिरवा गर कोणीतरी खरवडून नेला आहे.

शेजारचे गृहस्थ सांगतात की या भागात आता बॉक्सवुड टिकत नाही, तेव्हा सगळे मुळापासून उपटून दुसरे काहीतरी लावावे. त्यांचा सल्ला अनुभवाचा असेलही. पण कोणीतरी इतकी वर्षे निगुतीने राखलेली लागवड एका दुपारी उपटून टाकायला माझे मन तयार होत नाही. हा रोग आहे की कीड, यातून झुडपे वाचू शकतात का, आणि वाचवण्यासाठी नेमके काय करावे लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आणखी एक विचारायचे आहे. या देशात जुन्या वाड्यांच्या बागांतून फिरताना जिकडे तिकडे हेच झुडूप दिसते. फूल नजरेत भरत नाही, वास थोडा उग्रच, वाढही अगदी सावकाश. तरीही लोकांनी शतकानुशतके याला एवढा मान का दिला असावा? माझे वडील विदर्भात वरुडला असतात. येथील छायाचित्रे पाहून त्यांनाही घरापुढच्या अंगणात असेच कुंपण लावायची इच्छा झाली आहे. तिकडच्या हवेत ते जगेल का, याबद्दलही कोणी सांगितल्यास मी आभारी राहीन.

परसबाग

सायलीताई, तुम्ही वर्णन इतके नेमके केले आहे की निदानाबद्दल शंका उरत नाही. हा रोग नाही, ही बॉक्सवुडवरची अळी आहे. तिचे शास्त्रीय नाव सिडॅलिमा पर्स्पेक्टॅलिस. मूळची ती चीन, जपान, कोरिया या भागातली. युरोपात ती 2006-07 च्या सुमारास जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाला प्रथम आढळली. ब्रिटनमध्ये तिचे पतंग 2007 मध्ये दिसले आणि 2011 पासून लंडनच्या आसपासच्या खाजगी बागांत अळ्या सापडू लागल्या. रोपांच्या व्यापारातून ती पसरली. एका देशातील रोपवाटिकेतून दुसऱ्या देशात गेलेल्या हिरव्यागार कुंड्यांच्या पानांत तिची अंडी आणि बारीक अळ्या दडलेल्या होत्या.

आज संध्याकाळी उन्हे उतरल्यावर झुडपाच्या आत नीट पाहा. पूर्ण वाढलेली अळी सुमारे चार सेंटिमीटर लांब असते. तिचे अंग पिवळट हिरवे, अंगावर लांबीभर काळे पट्टे आणि ठिपके, आणि डोके काळे चकचकीत असते. फांदीला समांतर ताणून ती अशी निश्चल राहते की नजर तिच्यावरून दोनदा फिरली तरी ती दिसत नाही. तुम्ही पाहिलेले हिरवट-काळे कण म्हणजे तिची विष्ठा. अळी लहान असताना पानाची खालची बाजू फक्त खरवडते आणि मोठी झाली की सबंध पान खाते, त्यामुळे तुमच्या झुडपात दोन्ही प्रकारची पाने दिसतात. हिवाळा ती लहान अवस्थेतच काढते. दोन-तीन पाने धाग्यांनी एकमेकांना शिवून त्यांच्यामध्ये ती बसून राहते आणि मार्च-एप्रिलमध्ये हवा उबदार झाली की खायला सुरुवात करते. एप्रिलच्या मध्यात तुम्हाला अचानक झाल्यासारखे वाटलेले नुकसान खरे तर मागच्या शरद ऋतूतच झुडपात येऊन बसले होते. इंग्लंडच्या दक्षिण भागात तिच्या वर्षाला दोन, कधी तीन पिढ्या होतात. पतंग पांढरा असून पंखांना तपकिरी रुंद किनार असते, आणि रात्री दिव्याजवळ तो सहज ओळखू येतो.

आता उपाय. तुमचे कुंपण गुडघाभर उंच आहे, तेव्हा सगळ्यांत खात्रीचा उपाय हाताने अळ्या वेचण्याचा. खाली जुनी चादर अंथरून फांद्या जोराने हलवाव्यात, पडलेल्या अळ्या गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात, आणि जाळी लागलेले शेंडे कापून पिशवीत बंद करावेत. त्यानंतर फवारणी. अळीच्या शरीरात शिरून तिला मारणारे सूक्ष्म सूत्रकृमी बागकामाच्या दुकानांत मिळतात. ते पाण्यात मिसळून संध्याकाळी, झुडूप आतपर्यंत चिंब होईल असे फवारावे, कारण ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून केलेले, आपल्याकडे शेतकरी ज्याला बीटी म्हणतात ते औषधही लहान अळ्यांवर फार चांगले चालते. घरगुती बागेत वापरण्यास कोणते उत्पादन सध्या परवानगीप्राप्त आहे, ते दुकानात विचारूनच घ्यावे. अळी मोठी झाल्यावर बीटीचा परिणाम कमी होतो. म्हणून कामगंध सापळा (मादीच्या गंधाने पतंगांना ओढणारा) लावून पतंग कधी उडू लागतात यावर लक्ष ठेवावे आणि त्यानंतर पानांच्या खालच्या बाजूला नव्या अळ्या दिसू लागताच फवारावे. सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे नुसत्या सापळ्याने कीड आटोक्यात येईल अशी अपेक्षा ठेवू नये. सर्व प्रकारच्या किडी मारणारी रासायनिक औषधे मी तरी टाळतो; त्यांनी कोळी, गांधीलमाश्या आणि या अळ्या खायला आता कुठे शिकलेले लहान पक्षी यांचेही नुकसान होते. आमच्या भागात निळ्या टिट पक्ष्यांच्या जोड्या पिल्लांसाठी या अळ्या नेताना दिसतात, आणि हे सुरुवातीच्या काळात दिसत नव्हते.

वाचेल का, याचे उत्तर सालीत आहे. तपकिरी झालेल्या भागातील फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवे दिसले, तर फांदी जिवंत आहे आणि बॉक्सवुड उघड्या लाकडावरही नवे कोंब धरते. पाने संपल्यावर अळ्या हिरवी सालही कुरतडतात. साल सभोवार खाल्ली गेली असेल, तर तेवढी फांदी गेली असे समजून जिवंत भागापर्यंत मागे छाटावी. अळी आटोक्यात आल्यावर बुंध्याशी कुजलेल्या पानांचे आच्छादन आणि बेताचे खत घालून, कोरड्या दिवसांत पाणी द्यावे. एका झुडपाचा अर्धा भाग गेला आहे आणि बाकी कुंपण हिरवे आहे, तेव्हा माझ्या मते तुमची लागवड वाचण्यासारखी आहे. मात्र दर वर्षी मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला फांद्या उघडून पाहण्याची तयारी हवी. ती नसेल, तर शेजाऱ्यांचा सल्ला योग्य आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन.

या अळीची गल्लत करपा रोगाशी होऊ देऊ नका, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. बॉक्सवुडवरचा करपा एका बुरशीमुळे होतो आणि ब्रिटनमध्ये तो 1990 च्या दशकाच्या मध्यापासून आहे. त्यात जाळी किंवा विष्ठा नसते, कुरतडलेले पान नसते. पानांवर गडद कडेचे तपकिरी डाग पडतात, कोवळ्या काड्यांवर लांबट काळ्या रेघा उमटतात आणि पाने झपाट्याने गळतात. ही बुरशी ओलाव्यावर जगते. दाट छाटलेल्या कुंपणाच्या आत वारा खेळत नाही, पान तासन्‌तास ओले राहते आणि तेथे तिचे फावते. म्हणून छाटणी कोरड्या दिवशीच करावी, कात्री प्रत्येक वेळी पुसून निर्जंतुक करावी, गळलेली पाने उचलून टाकावीत आणि पाणी वरून न देता बुंध्याशी द्यावे. या बुरशीचे अंश गळलेल्या पानांत काही वर्षे जिवंत राहतात, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

राखावे की काढावे, हा प्रश्न फार मोठ्या बागांनाही पडलेला आहे. पॅरिसजवळील व्हो-ल-व्हिकोंत या वाड्याची बाग सतराव्या शतकात आंद्रे ल नोत्र यांच्या आराखड्याप्रमाणे उभी राहिली. पुढे व्हर्सायच्या बागा घडवल्या त्या यांनीच. वाड्यापुढील जमिनीवर बॉक्सवुडच्या बुटक्या ओळींनी वेलबुट्टीची नक्षी काढलेली होती आणि तिची पुनर्रचना 1923 मध्ये आशील द्युशेन यांनी केली होती. करपा आणि अळी यांनी ती नक्षी इतकी खिळखिळी केली की अखेर 2019 मध्ये ती काढावी लागली आणि तिच्या जागी धातूच्या पट्ट्यांची तात्पुरती रचना मांडण्यात आली. तेथे कुशल माळी होते, पैसा होता, इच्छाही होती. पण नक्षीत एक ओळ तुटली की सबंध आकृती बिघडते. तुमच्या बागेला ही अडचण नाही. एक झुडूप गेले, तर त्याची जागा रिकामी राहील किंवा दुसरे काही तेथे येईल, आणि उरलेले कुंपण चांगले दिसेल.

बागांत या झुडपाला मान का मिळाला, याचेही उत्तर येथेच आहे. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीच्या पदरी असलेले माळी क्लोद मोले यांनी नोंदवले आहे की, नक्षीच्या वाफ्यांसाठी आधी निरनिराळ्या सुगंधी वनस्पती लावीत; पण उन्हाने आणि थंडीने त्या मरत आणि दर दोन-तीन वर्षांनी सगळे पुन्हा लावावे लागे. बॉक्सवुडने हा खर्च संपवला. त्याचा वास काहींना आवडत नसे, तरी ते टिकले. पान लहान, सांध्यांमधले अंतर कमी, वाढ सावकाश. त्यामुळे वर्षातून एक-दोन छाटण्यांत रेघ रेघच राहते. त्याच्याही दीड हजार वर्षे आधी रोममधील धाकटा प्लिनी आपल्या डोंगरातल्या घराचे वर्णन करताना सांगतो की, बॉक्सवुड छाटून प्राण्यांच्या जोड्या समोरासमोर उभ्या केल्या आहेत आणि काही ठिकाणी त्याच झुडपाची अक्षरे करून धन्याचे आणि माळ्याचे नाव लिहिले आहे. माळ्याचेही नाव धन्याच्या जोडीने लिहिले गेले, ही गोष्ट मला त्या पत्रात सर्वाधिक भावते.

ठसा

परसबाग यांनी बागेची बाजू सांगितली. मी मुद्राचित्रणाचे, म्हणजे कोरलेल्या ठशांवरून चित्रे छापण्याचे काम करतो, त्यामुळे मला हे झुडूप लाकूड म्हणून माहीत आहे. सायलीताई, तुम्ही ज्या सावकाश वाढीचा उल्लेख केला आहे, तीच या लाकडाची खरी ठेव आहे.

लाकडावर चित्र कोरण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत झाडाच्या उभ्या फळीवर सुरीने आणि पटाशीने कोरतात. तेथे लाकडाचे तंतू एका दिशेने धावतात, त्यामुळे तंतूंना आडवी जाणारी बारीक रेघ ढलपी उडून बिघडण्याची भीती असते. दुसऱ्या रीतीत खोड आडवे कापून त्याची चकती घेतात आणि तिच्या गुळगुळीत तोंडावर ब्यूरिन नावाच्या टोकदार पोलादी हत्याराने कोरतात. यालाच काष्ठकोरण म्हणतात. या पृष्ठभागावर तंतूंची टोके उभी असल्यामुळे हत्यार कोणत्याही दिशेने सारखेच चालते. त्यासाठी लाकूड मात्र असे हवे की ज्याची छिद्रे साध्या डोळ्यांना दिसणार नाहीत आणि वसंतातल्या व उन्हाळ्यातल्या वाढीत कठीणपणाचा फरक नसेल. बॉक्सवुड या कसोटीला जितके उतरते, तितके दुसरे कोणतेही लाकूड उतरत नाही. ते इतके घट्ट आहे की नुकतेच तोडलेले खोड पाण्यात बुडते. घासून तयार केलेल्या ठोकळ्याचा रंग फिक्या लोण्यासारखा असतो. त्यावर ब्यूरिन टेकवून पुढे ढकलले की केसाएवढी जाड लाकडाची गुंडाळी हत्याराच्या टोकापुढे उठते आणि मागे राहणाऱ्या रेघेच्या दोन्ही कडा स्वच्छ असतात. एका मिलिमीटरच्या रुंदीत चार-पाच रेघा शेजारीशेजारी बसवता येतात आणि मधले बांध मोडत नाहीत.

हे माध्यम ज्यांनी कळसाला नेले, ते न्यूकॅसलचे थॉमस ब्यूइक (1753–1828). त्यांनी चतुष्पाद प्राण्यांवरचा ग्रंथ 1790 मध्ये आणि ब्रिटनमधील पक्ष्यांवरचे दोन खंड 1797 व 1804 मध्ये प्रसिद्ध केले. पक्ष्याच्या छातीवरचे मऊ पीस दाखवायचे असेल, तर ब्यूइक ठोकळ्याचा तेवढा भाग कोरण्यापूर्वीच किंचित खाली घासून घेत. त्यामुळे छापताना त्या जागी दाब कमी पडे आणि रेघा काळ्याऐवजी करड्या उमटत. एवढ्याशा खोलगटपणाचा हिशेब हाताने करणारा माणूस त्या लाकडाला किती ओळखत असेल, याची कल्पना करावी. त्यांच्या एका ठोकळ्यावरून नऊ लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या, असे त्यांच्या आठवणींत नमूद आहे.

या ठोकळ्याचे आणखी एक महत्त्व होते. तो छापखान्यातील खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) उंचीचा, म्हणजे सुमारे 23.3 मिलिमीटर जाडीचा कापला जाई. त्यामुळे मजकुराचे खिळे आणि चित्राचा ठोकळा एकाच फर्म्यात आवळून एकाच दाबाने छापता येत. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राला वेगळे यंत्र, वेगळा कागद आणि वेगळा वेळ लागे. एकोणिसाव्या शतकात सचित्र नियतकालिके सामान्य वाचकाच्या हाती पडली, याच्या मुळाशी हे झुडूप आहे. लंडनमध्ये 1842 साली बातम्यांचे पहिले सचित्र साप्ताहिक निघाले, तेव्हा पानभर चित्राइतके रुंद खोड मिळणे शक्यच नव्हते, कारण बॉक्सवुडचे खोड वीतभर रुंद व्हायलाच पिढ्या जातात. म्हणून पुढे लहान लहान ठोकळे मागून बोल्टांनी जोडून मोठे केले जात. त्यावर चित्र काढून झाले की बोल्ट सोडवून एकेक तुकडा एकेका कोरक्याला दिला जाई, आणि रातोरात कोरून झालेले तुकडे पुन्हा जोडले जात. त्या काळातील मोठी चित्रे भिंगातून पाहिली, तर आकाशातून किंवा गर्दीतून सरळ गेलेली बारीक पांढरी फट दिसते. ती दोन तुकड्यांमधली सांध आहे. छायाचित्रावरून धातूचे ठसे करण्याची सोय झाल्यावर हा व्यवसाय मागे पडला; पण तोपर्यंत तुर्कस्तान, इराण आणि कॉकेशस येथील बॉक्सवुडची जंगले मोठ्या प्रमाणात तोडली गेली होती.

कोरीव शिल्पाचाही एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. साधारण 1500 ते 1530 या काळात नेदरलँड्समध्ये बॉक्सवुडचे प्रार्थनेचे मणी घडवले गेले. अक्रोडाएवढा गोळा बिजागरीवर उघडतो आणि आत येशूच्या जीवनातील प्रसंग डझनावारी माणसे, घोडे, भाले आणि कमानींसह कोरलेले दिसतात. कोपनहेगन येथील अशा एका मण्यावर अॅडम डिर्क्स या कारागिराचे नाव लॅटिन रूपात आहे. टोरांटो आणि अॅम्स्टरडॅम येथील संग्रहालयांनी हे मणी क्ष-किरणांच्या सूक्ष्म तपासणीखाली घातले. त्यातून दिसून आले की सगळे दृश्य एकाच तुकड्यात कोरलेले नसते. अनेक पातळ थर आणि आकृत्या वेगवेगळ्या कोरून एकमेकांत इतक्या बेमालूम बसवलेल्या असतात की सांधा सापडत नाही. याशिवाय जुन्या बासऱ्या आणि क्लॅरिनेट, मोजपट्ट्या, बुद्धिबळातील पांढरी प्यादी, आणि कंगवे. उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनच्या भिंतीजवळील विंडोलांडा या रोमन छावणीच्या उत्खननातही बॉक्सवुडचे कंगवे निघाले आहेत.

निरगुडी

सायलीताई, वडिलांच्या वरुडच्या अंगणाचा प्रश्न माझ्या जिल्ह्यातला असल्यामुळे त्याबद्दल लिहिते, पण त्याआधी या झुडपाच्या रानातल्या जीवनाविषयी थोडे.

बागेतले बॉक्सवुड दर वर्षी छाटले जात असल्यामुळे त्याला फुले धरायला फारशी संधी मिळत नाही. न छाटलेल्या झुडपावर वसंताच्या आरंभी पानांच्या बेचक्यांत बारीक, पाकळ्या नसलेली पिवळसर फुले येतात आणि मधमाश्या त्यांवर मोठ्या संख्येने जमतात. फळ तीन शिंगांचे असते. ते वाळून तडकले की काळ्या चकचकीत बिया बाहेर फेकल्या जातात, आणि बियांना चिकटलेल्या स्निग्ध गराच्या लोभाने मुंग्या त्या वाहून नेतात. पानांत विषारी अल्कलॉइडे असल्याने गुरे आणि हरणे सहसा तोंड लावत नाहीत. पाळीव कुत्र्यालाही ती बाधतात, तेव्हा छाटलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नयेत. ज्या अळीबद्दल येथे चर्चा चालली आहे, ती मात्र हेच विष आपल्या शरीरात साठवते, आणि युरोपातील पक्षी सुरुवातीला तिच्यापासून दूर राहिले याचे एक कारण तेच मानले जाते.

या कुळाच्या जाती युरोपाप्रमाणेच क्यूबा, मादागास्कर आणि पूर्व आशियातही आहेत. भारतात हिमालयाच्या मधल्या उंचीवरील सावलीच्या, ओलसर घळींत बक्सस वॉलिचियाना ही जात वाढते. जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात, विशेषतः ठाणामंडी येथे, तिच्या लाकडाला चिकरी म्हणतात आणि त्याचे कंगवे, चमचे व नक्षीच्या वस्तू करणारी घराणी आहेत. या कामाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ते झाड जंगलात किती सावकाश वाढते हे लक्षात घेता, मानांकनाबरोबर लागवडीचीही तितकीच काळजी घेतली जावी, असे मला मनापासून वाटते. आपल्या सह्याद्रीत बॉक्सवुड रानटी अवस्थेत नाही.

बागेतले कुंपण गेले तर हळहळ वाटते. पण रानातले बॉक्सवुड जाणे ही त्याहून फार मोठी हानी आहे आणि ती आपल्या डोळ्यांदेखत झाली आहे. काळ्या समुद्राच्या काठी, सोची शहराजवळ खोस्ता येथे यू (एक सूचिपर्णी वृक्ष) आणि बॉक्सवुड यांचे सुमारे तीनशे हेक्टरांचे प्राचीन वन संरक्षित आहे. या दमट वनात बॉक्सवुडची झुडपे नव्हेत, तर शेवाळाने लगडलेली झाडे होती. 2014 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी शहर सजवायला इटलीहून बॉक्सवुडची रोपे आणली गेली आणि 2012 मध्ये त्यांच्यावर ही अळी आढळली. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती वनात शिरली, पाने संपवून सालीवर गेली आणि तेथील बॉक्सवुड जवळजवळ सगळे वाळले. त्यानंतर अबखाझिया, जॉर्जिया आणि 2016 पासून इराणच्या कॅस्पियन किनाऱ्यावरील वने तिच्या तडाख्यात सापडली. रेडिंगमधल्या कुंपणावर हाताने अळ्या वेचता येतात. डोंगरभर पसरलेल्या वनात ते शक्य नाही, आणि शेकडो वर्षांची झाडे बियांपासून पुन्हा त्याच जाडीची होईपर्यंत कित्येक पिढ्या उलटतील. शोभेच्या रोपांची देशोदेशी होणारी ने-आण काटेकोर तपासणीखाली यावी, असे मी आग्रहाने म्हणते ते यासाठीच.

आता वरुड. मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास जाणारे तापमान, कोरडे वारे आणि त्यापाठोपाठ काळ्या मातीत तुंबणारे पावसाचे पाणी, यांपैकी एकही गोष्ट बॉक्सवुडला मानवत नाही. त्याची मुळे उथळ असतात आणि पाणी साचले की कुजतात. तेव्हा वडिलांनी त्याच्या मागे लागू नये. आपल्याकडील रोपवाटिकांत बॉक्सवुड या नावाने बरेचदा दुसरीच बारीक पानांची झुडपे विकली जातात, म्हणून नावावर न जाता पान पाहून रोप घ्यावे. बॉक्सवुडची पाने काडीवर समोरासमोर जोडीने येतात, हे लक्षात ठेवले तरी पुष्कळ फसगत टळते.

अशा वेळी सगळे जण कुंती सुचवतात. कुंती, म्हणजे जिला काही जण कामिनी म्हणतात, हे पुण्या-मुंबईकडे फार सुंदर कुंपण होते. पान गर्द, छाटणी सोसणारे, आणि थोडे मोकळे सोडले तर पावसाळ्यात सुगंधी पांढरी फुले येतात. वरुडच्या संत्रापट्ट्यात मात्र मी कुंती लावण्याचा सल्ला देणार नाही. ती लिंबू-संत्र्याच्याच कुळातली, कढीपत्त्याची जवळची नातलग आहे, आणि संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणाऱ्या सायला किडीला कुंतीची कोवळी पालवी अतिशय प्रिय आहे. छाटलेल्या कुंपणाला वर्षभर नवी पालवी फुटत राहते, म्हणजे बागाईतदारांच्या बांधाशेजारी त्या किडीला आपणच बारमाही आसरा दिल्यासारखे होते. वडिलांनी मेंदी लावावी. ती विदर्भाचे ऊन सोसते, छाटणीने दाट होते आणि तिच्या फुलांचा दरवळ अंगणभर पसरतो. गुरांचा त्रास असेल, तर करवंद त्याहून चांगले. ते काटेरी, कणखर आणि याच मातीतले आहे, आणि वर्षातून दोनदा कात्री फिरवली तर त्याची भिंतही सरळ राहते. प्राण्यांचे आकार छाटण्याची हौस असेल, तर मुंबईच्या मलबार हिलवरील हँगिंग गार्डन त्यांनी एकदा अवश्य पाहावे. आकार धरण्यासाठी बॉक्सवुडच हवे असे नाही, हे तेथे दिसते.

सायली_रेडिंग

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे खरवडून पाहिले. फाटकाजवळच्या झुडपाच्या तीन मुख्य फांद्यांपैकी दोन हिरव्या निघाल्या, तिसरीची साल मात्र बुंध्याजवळ सभोवार कुरतडलेली आहे. कुंपणात अळ्या आहेत, पण पाने अजून शाबूत आहेत. तेव्हा राखायचे ठरवले आहे आणि सूत्रकृमी मागवले आहेत. वडिलांना मेंदीचे सांगितले. ते मान्य करतील असे दिसते. मेलेली फांदी माझ्या मनगटाएवढी जाड आहे. ठसा यांचे लिहिणे वाचल्यावर ती कचऱ्यात टाकवत नाही. तिचा काही उपयोग होऊ शकेल का?

ठसा

अवश्य होईल, फक्त घाई करू नका. फांदी शक्य तितकी लांब कापा आणि सगळी पाने व बारीक काड्या तेथेच काढून पिशवीत बंद करा, म्हणजे अळी किंवा कोष लाकडाबरोबर घरात येणार नाही. कापल्या दिवशीच दोन्ही तोंडांवर वितळवलेल्या मेणाचा जाड थर द्यावा. हे लाकूड तोंडांकडून फार भराभर सुकते आणि मध्यापासून कडेपर्यंत चिरते. मेणामुळे ओलावा सालीकडून हळूहळू निघतो. ऊन आणि हीटर यांपासून दूर, वारा लागेल अशा थंड जागी ते ठेवावे. मनगटाएवढ्या जाडीच्या लाकडाला काही वर्षे लागतील. मधून मधून वजन करून लिहून ठेवा. ते उतरायचे थांबले की लाकूड तयार झाले असे समजावे. ठोकळ्यापेक्षा कंगवा किंवा लहान चमचा करायचा असेल, तर आत्ताच फांदी मधून उभी चिरून दोन अर्ध्या करा आणि त्यांच्या तोंडांनाही मेण लावा, म्हणजे ताण निघून जाईल आणि चिरण्याची शक्यता कमी होईल.

ठोकळा करायचा असल्यास वाळल्यानंतर आडव्या चकत्या पंचवीस मिलिमीटर जाडीच्या कापून घ्याव्यात, म्हणजे घासून खिळ्यांच्या उंचीला आणायला जागा राहते. घासताना तोंडाला मास्क लावावा, कारण या लाकडाच्या भुशाने नाक आणि त्वचा यांना त्रास होतो. सालीसकट लाकूड भारतात पाठवण्याचा विचार मात्र करू नका. रेडिंग किंवा लंडन परिसरात काष्ठकोरण करणाऱ्यांचे वर्ग चालतात. अशा ठिकाणी विचारल्यास, चकतीचे तोंड आरशासारखे गुळगुळीत कसे करायचे ते कोणीही आनंदाने समोर बसवून दाखवेल.